टाचेवरचा बिब्बा

वडिलांचा डावा पाय गेल्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी, गुडघ्याखालून कापला. वय सदुसष्ट. परळीच्या औष्णिक केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त.

त्याच्या वर्षभर आधी त्यांच्या टाचेवर तुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका होता. कुरूप असेल असं ते म्हणाले. आत्या, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, पाटोद्याहून आली होती. तिनं बिब्बा तापवून त्यावर चटका दिला. कुरुपाला आमच्याकडे हेच करतात. बिब्ब्यानं कातडी भाजते आणि डाग काळा पडतो. त्यानंतर टाचेवर जे काळं दिसलं, ते सगळ्यांनी बिब्ब्याच्या खाती टाकलं.

जखम भरेना, तेव्हा मी त्यांना तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय लावलं होतं? मी बिब्बा म्हणालो. ठिपका आधीपासून होता, हे सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. कागदावर भाजल्याची जखम असं लिहून मलम दिलं. ते सात महिने लावलं. काळेपणा टाचेच्या कडेपर्यंत पसरला आणि चपलेला रक्त लागू लागलं.

मग कॅन्सर रुग्णालय. तुकडा तपासायला पाठवला. निदान मेलानोमा, म्हणजे काळ्या डागासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर, हाडापर्यंत गेलेला. रांगेत आमच्यापुढं एक बाई होत्या. त्यांना कमरेला, साडी करकचून बांधतात तिथं, जखम होती. मागच्या माणसाचा कॅन्सर जुन्या भाजल्याच्या व्रणात निघाला होता. तिघांचेही कातडीचेच कॅन्सर आणि तिघांनीही आधी घरीच काहीतरी लावलेलं. सर्जन म्हणाले, बिब्ब्यानं हा आजार होत नाही, बिब्ब्यामुळं तो ओळखू आला नाही. पाय काढावा लागेल.

आईनं यातलं एवढंच धरलं की बिब्बा. तीस वर्षं ती आत्याला वन्सं म्हणत आली होती. शस्त्रक्रियेच्या सकाळी आत्याही रुग्णालयात आली, तेव्हा वऱ्हांड्यात लोकांसमोर आई म्हणाली, "ह्या बाईला इथून घालवा. पाय खाल्ला हिनं."

"बिब्बा मीच लावलाय, वैनी," आत्या म्हणाली. "पण ठिपका आधीच व्हता. तुमाला दावला न्हाई का?"

"मला काय कळतंय त्यातलं? हात तुझा व्हता."

आत्या माझ्याकडं वळली. "तू गेलतास की दवाखान्यात. तितं कावून न्हाई सांगितलंस?"

आईही माझ्याकडं बघत होती. मी फाइलमधले कागद लावत राहिलो.

वडील चाकाच्या खुर्चीत होते. म्हणाले, "भांडा निवांत. मला आत न्यायला अजून टाइम हाय." आत्यानं पिशवी उचलली. आई तिच्या मागं जिन्यापर्यंत गेली आणि तिनं बजावलं, "मयतीलासुदिक यायचं न्हाई."

शस्त्रक्रिया तीन तास चालली. जांघेतल्या गाठीही काढून तपासायला दिल्या. आत्याचे फोन येत राहिले. आईनं माझ्या फोनमधून तिचा नंबर काढायला लावला. मी काढला.

गाठींचा अहवाल पंधराव्या दिवशी आला. दोन गाठींत आजार पोचला आहे. आत्याला अजून कोणी कळवलेलं नाही.