बसायचं काम

"मैडम, भटू कातर लेके घूम रहा है."

फोन जयेशभाईंचा होता. सुरतेजवळ सचिन नावाचं गाव आहे, तिथल्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा पॉवरलूमचा कारखाना आहे. आमच्या सुरतेत त्याला खाता म्हणतात. कातर म्हणजे कात्री. आणि भटू म्हणजे माझा पेशंट.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. माहेर साताऱ्याचं, दवाखाना सुरतेच्या डिंडोली भागात. समोर बसणारे बहुतेक जण खानदेशातून आलेले. माझं मराठी त्यांना शाळेतल्या बाईंसारखं वाटतं, आणि त्यांची अहिराणी नीट कळायला मला काही वर्षं लागली. शेठ लोकांशी मात्र हिंदीतच बोलावं लागतं.

"किसी को मारा?" मी विचारलं.

"मारा नहीं."

"धमकी दी? अकेले में कुछ बोल रहा है?"

"ना, ना. बस घूमता है. इस छेडे से उस छेडे तक. सब कारीगर बाहर भाग गए."

"तो कातर ले लो उसके हाथ से."

"कौन लेगा, मैडम?"

"आप मांगिए."

फोनमध्ये नुसती लूमची खडखड ऐकू येत राहिली. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली. मग जयेशभाई परत आले.

"दे दी."

"मांगते ही?"

"हां. बोला, सॉरी शेठ." त्यांनाच ते खरं वाटत नव्हतं. "लेकिन मैडम, ये बिगड गया है. इंजेक्शन देके एडमिट कर दो. मैं रिक्शा में भेजता हूं."

मागितल्यावर कात्री देऊन वर सॉरी म्हणणारा माणूस किती बिघडलेला असेल, असा विचार करत मी भटूची वाट पाहत बसले.

भटूला स्किझोफ्रेनिया आहे. या आजारात नसलेले आवाज ऐकू येतात, भलते संशय मनात पक्के होतात. भटूला लूमच्या खडखडीतून माणसं शिव्या देताना ऐकू यायची. मशीन बंद केली की शिव्या बंद, चालू केली की पुन्हा सुरू. शेवटी त्याने मशीन बंदच ठेवायला सुरुवात केली, आणि सुरतेत लूम बंद ठेवणारा कारीगर कोण ठेवून घेणार? तेव्हा त्याची बायको रंजना त्याला माझ्याकडे घेऊन आली होती.

अशा आजारावर जी औषधं देतात त्यांना अँटिसायकोटिक म्हणतात. मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. आजारात काही ठिकाणी त्याचा जोर फार वाढतो, आणि गोळी त्याला आवर घालते. आवाज आधी बारीक होतात, मग बहुतेकांचे थांबतात. माणूस कामाला लागतो, घरच्यांशी बोलतो, जेवणाला नावं ठेवतो. मला जेवणाला नावं ठेवणारे पेशंट फार आवडतात. बरं वाटू लागल्याची ती पक्की खूण.

पण डोपामिन मेंदूत एकाच कामाला नसतं. हातापायांची हालचाल सुरळीत ठेवायलाही तेच लागतं. तिथे आवर बसला की कुणाचे हात थरथरतात, कुणाचं अंग आखडतं. शिवाय या औषधांनी काहींना दिवसभर झोप येते, काहींचं वजन आणि साखर वाढते, काही बायकांची पाळी पुढे जाते. सगळ्यांना सगळं होत नाही. मी हे पहिल्याच भेटीत सांगून टाकते. काही डॉक्टरमित्र म्हणतात, असं सांगून पेशंटला घाबरवतेस कशाला? मी म्हणते, न सांगता दिलेल्या गोळ्या पहिल्या त्रासाला मोरीत जातात.

भटूला मी रिस्पेरिडोन नावाची गोळी दिली होती. चांगली लागू पडली. शेवटच्या भेटीत थोडी कुजबुज उरली होती म्हणून डोस जरा वाढवला आणि पंधरवड्याने या म्हटलं. तो आलाच नाही. आवाज पूर्ण थांबले, तो लगेच खात्यावर रुजू झाला, आणि दवाखान्यासाठी कामाची पाळी बुडवणं त्याच्या जिवावर आलं. गोळ्या मात्र मेडिकलमधून आणून नेमाने घेत होता.

रिक्षा आली. भटूच्या दोन्ही दंडांना दोघे कारीगर लटकलेले. मागून मोटरसायकलवर त्याचा मोठा भाऊ आप्पा आणि रंजना. आप्पाने दारातूनच फर्मान सोडलं.

"बाई, याले एक मोठी सुई टोची द्या. सकायनी गाडीले मी याले गावले लई जास."

गाव अमळनेरच्या पुढे. तिथे नेणं म्हणजे काय, ते मला पाठ झालं आहे. आणलेल्या गोळ्या संपतात, कुणीतरी भगताचा पत्ता सांगतं, सुरतेतली जागा दुसऱ्याला मिळते. परत आलेला माणूस आधीपेक्षा जास्त आजारी असतो, आणि कधीकधी तो परत येतच नाही. भटू तिशीही न ओलांडलेला. रंजना घरी साड्यांना खडे चिकटवते, तेवढ्यावर घर चालणार नव्हतं.

मी कारीगरांना हात सोडायला सांगितलं. त्यांनी सोडले आणि दोन पावलं मागे सरकले. सगळ्यांना बाहेर बसवून मी दार लावलं.

"बस, भटू."

तो बसला. लगेच उठला. पुन्हा बसला, मांड्या घासल्या, एक पाय हलवला, मग दुसरा, आणि परत उठून खिडकीपर्यंत जाऊन आला. चेहरा घामेजलेला.

"आवाज येतात?"

"नही, बाई. आवाज बंद शेतस."

"कुणी मागे लागलंय? कुणी फिरायला सांगतंय?"

"कोनी नही."

"शेठ काही वाईट बोलले?"

"शेठ चांगला माणूस शे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो माले बठाडस, आन पाय माले बठू देतस नही."

शेठ मला बसवतो आणि पाय मला बसू देत नाहीत. माझ्या पुस्तकांत या त्रासाची लांबलचक वर्णनं आहेत. एकही इतकं नेमकं नाही.

"बसवतो म्हणजे?"

मग सगळा उलगडा झाला. गोळीने झोप येते म्हणून रंजनाने शेठना विनंती केली होती की याला रातपाळी देऊ नका. जयेशभाई मनाने उदार. त्यांनी रातपाळी तर काढलीच, लूमवरूनही काढलं. बिमार आदमी है, आराम से बैठे, असं म्हणून त्याला पंख्याखाली गादी टाकून दिली आणि हातात कात्री. कापडाच्या ताक्यावर जे सुटे धागे लोंबतात, ते कापायचे. बसायचं काम. पगार तोच.

लूमवर कारीगर बसत नाही. आठ-दहा मशीन एकट्याने सांभाळायच्या असतात. इथे धागा तुटला, तिथे धाग्याची बॉबिन संपली, पाळीभर नुसती फेरी चालू. भटूच्या पायांना गोळीची चुळबुळ तेव्हाही लागली असणार, पण ती कामात जिरून जात होती. त्याला वाटायचं, थकवा आहे. गादीवर बसवल्यावर ती जिरायला जागाच राहिली नाही. बिचारा बसायचा, उठायचा, शेठ पाहतील म्हणून पुन्हा बसायचा. त्या दिवशी असह्य होऊन उठला आणि चालत सुटला. कात्री हातातच राहिली.

या त्रासाला अकॅथिसिया म्हणतात. अँटिसायकोटिक औषधांचा हा ओळखीचा दुष्परिणाम आहे, विशेषतः डोस वाढल्यावर. बाहेरून तो हुबेहूब वेडाच्या झटक्यासारखा दिसतो. फरक विचारल्यावरच कळतो. आजाराने अस्वस्थ झालेल्या माणसाला फिरण्याचं कारण बाहेर दिसत असतं, कुणी पाठलाग करतं, कुणी हुकूम देतं. याला कारण पायातच असतं, आणि चाललं की थोडं बरं वाटतं.

मी त्याची मनगटं, कोपरं वाकवून पाहिली. थोडी ताठ होती. नाडी, बीपी पाहिलं. दम्याचा त्रास आहे का विचारलं. नव्हता. मग जो प्रश्न अशा वेळी विचारावाच लागतो तो विचारला.

"भटू, जीव नकोसा होतो का?"

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. पाय जागच्या जागी उचलत होता.

"वाटस का कातर लिसन पायच कापी टाकू," तो म्हणाला. "मंग वाटस, गोळ्याच बंद करी टाकू. आजपाईन बंद."

बाहेर जे घाबरले होते त्यांना वाटत होतं, हा कात्री कुणाला तरी मारेल. धोका होता तो त्याचा त्यालाच. आणि गोळ्या बंद केल्या असत्या तर काही आठवड्यांत लूम पुन्हा शिव्या देऊ लागली असती.

"गोळी मी कमी करते," मी म्हटलं. "बंद तू करायची नाहीस. पायांना आराम पडायला दुसरी गोळी देते. कबूल?"

तो येरझाऱ्या घालत विचार करत राहिला. मग म्हणाला, "पाय थांबतीन?"

"थांबतील. आजच्या आज नाही."

दार उघडलं. आप्पाला वाटलं, सुई टोचून झाली.

"आप्पा, याचं डोकं फिरलेलं नाही," मी सांगितलं. "पाय फिरतायत. गोळीने. मी डोस कमी करतेय."

आप्पा माझ्याकडे असं बघायला लागला, जणू आता माझ्यासाठीच रिक्षा बोलवावी लागणार. "रोग वाढना आन तुम्ही गोळी कमी करतस?"

"तुम्ही मागताय ते इंजेक्शन याच जातीच्या औषधाचं असतं. ते दिलं तर हा सचिनहून डिंडोलीला चालत येईल."

रंजना हसली आणि पटकन पदर तोंडाला लावला. आप्पा हसला नाही. त्याची भीती खोटी नव्हती. डोस कमी केला आणि आवाज परत आले तर, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. तीच धास्ती मलाही होती. मी त्याच्यापासून ते लपवलं नाही. म्हटलं, "आले तर दुसरं औषध आहे. पण गावी नेलंत तर औषध देणारं कोणी नाही. आठवडाभर थांबा. मग न्यायचं तर न्या."

तो कुरकुरत तयार झाला. वाढवलेला डोस मी परत पहिल्या जागी आणला आणि प्रोप्रॅनोलॉल लिहून दिली. ती मुळात बीपीची आणि धडधडीची गोळी, दमा असलेल्यांना देता येत नाही, पण या पायांच्या तळमळीवरही चालते. रंजनाला बाजूला घेऊन सांगितलं की याला एकटा सोडायचा नाही, घरातल्या सुऱ्या-कात्र्या नजरेआड ठेवायच्या, आणि जिवाचं काही बोलला तर मला लगेच फोन करायचा. ती रडवेली झाली. "मीच शेठले सांगेल व्हतं," म्हणाली. मी म्हटलं, तू बरोबर सांगितलंस.

राहिले जयेशभाई. त्यांना फोन केला.

"उसको चलने का काम दीजिए."

"मैडम, मैं तो उसको आराम दे रहा था."

"वही तो उसको नहीं चला."

त्यांना आधी ते नीट कळलं नाही, आणि कळल्यावर वाईट वाटलं. लूमवर लगेच उभं करायला माझाही नकार होता, मशीनजवळ डुलकी लागली तर बोटं जायची. मग भरलेल्या बॉबिन लूमपर्यंत पोचवायचं काम ठरलं. दिवसपाळी, आणि चार दिवस घरी थांबल्यावर. फोन ठेवताना ते म्हणाले, "कारीगरों को क्या बोलूं? डरते हैं." मी म्हटलं, सांगा की गोळी पायांना लागली होती. ते म्हणाले, "ये चलेगा. गोळी गरम पड़ी." सुरतेत कुठलंही औषध बाधलं की ते गरम पडलेलं असतं. इतकं सोयीचं निदान माझ्याकडे नव्हतं.

आठवडा कसाबसा गेला. रंजनाचा फोन आला की मी हातातलं काम टाकून तो उचलायचे. भेटीच्या दिवशी भटू आला, खुर्चीत बसला, आणि बोलणं होईपर्यंत बसून राहिला. पाऊल अजून हलत होतं, पण उठला नाही. आप्पा त्याच्या पायांकडेच बघत होता. आवाजाचं विचारलं तर म्हणाला, लूमजवळून जाताना एकदा कुणी नाव घेतल्यासारखं वाटलं. म्हणून पुढच्या काही महिन्यांत मी हळूहळू गोळीच बदलली. नव्या गोळीने ना आवाज, ना पाय. पण वजन वाढलं. आता तक्रार पॅंटची आहे. त्याची साखर मी तपासत असते, आणि रंजनाने त्याचा भात कमी केला आहे. त्या भाताला तो नावं ठेवतो.

त्यानंतर तो लूमवर परत गेला. माझ्या कामातही एक बदल झाला. नवीन पेशंटला मी आता आधी विचारते, काम बसून आहे की उभ्याने? माझ्याकडे शिकायला येणारे तरुण डॉक्टर गालातल्या गालात हसतात. हसू देत. मेंदूवर औषध देताना पायाखालची नोकरीही बघावी लागते, एवढंच मी सांगते.

यंदा आखाजीला भटू गावी गेला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशी माणसाची दिवाळीच. आप्पाने न नेता तो आपला आपण गेला, रंजनाला घेऊन, परतीचं तिकीट काढून. पोचल्यावर त्याचा फोन आला.

"बाई, पुरा रस्ता बठीसन ऊनू."

"बसून? त्या गर्दीत?"

"हां. एक जन बोलना, भाऊ, जरासा उठ. मी उठनूच नही."

"बरं केलंस. गोळी घेतलीस का?"

"लिधी ना, बाई," भटू म्हणाला. "बठीसनच लिधी."