सहा सेलांचा अँप्लिफायर

माणसाने डूख धरू नये असे मी शाळेत मुलांना शिकवायचे, आणि शाळा सुटली की घरी जाऊन डूख धरून बसायचे. माझा डूख होता आमच्या गावच्या माईकवाल्यावर.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात श्रावणात देवळात भजनी सप्ताह बसतो. भजनात क्षणाचाही खंड पडता कामा नये, म्हणून एका वाड्याची पार, म्हणजे पाळी, संपायच्या आत दुसऱ्या वाड्याने सूर उचलायचा. दुपारी तीन ते चार ही पार आम्हा बायकांची. त्या वेळी पुरुष जेवून लवंडलेले असतात, म्हणून ती आम्हाला मिळाली असावी. हार्मोनियम आमच्यातल्या कुणालाच येत नव्हती. माझा मामा बोटीवर कामाला होता, त्याने मला एक युकुलेले आणून दिले होते. चार तारांचे, कडेवर मावेल एवढे वाद्य. सुराला तेच घेऊन मी बसले.

दोन अभंग झाले असतील, माईकवाल्याने माझ्यापुढच्या माईकचा आवाज पार उतरवला. मी त्याच्याकडे बघितले तर तो भर देवळात म्हणाला, "बाये, हें तुजें डासाचें गुणगुणणें कोण आयकतलो?" सगळ्या हसल्या. माझी सख्खी वहिनी टाळ थांबवून हसली. मी पार संपेपर्यंत तारा छेडत राहिले आणि माझा एक सूरही कुणाच्या कानावर गेला नाही.

गावात कर्णे फक्त त्याच्याकडे. त्या दिवसांत राजभाषेच्या सभा गावोगाव चालायच्या, आज कोकणीवाल्यांची, उद्या मराठीवाल्यांची, आणि दोन्ही ठिकाणी आधी उभे राहून हॅलो हॅलो म्हणायला हाच. कुणाचा आवाज चढवायचा नि कुणाचा उतरवायचा, ते त्याच्या बोटांत. स्वतः गायचाही चांगला, हे लिहिताना आजही माझ्या जिवावर येते. पुढच्या श्रावणात भर देवळात त्याची जिरवायची, एवढे एकच मी वर्षभर घोकत होते.

आमचे वेगळे राज्य झाले त्या वर्षी मे महिन्यात युकुलेले घेऊन मी मामाकडे वास्कोला गेले. तिथे बोटीवरून आलेल्या वस्तू विकणारे एक दुकान होते. दुकानदार बेळगावकडचा, तोंडात पान, घाई कसली ती नाही. त्याने माझ्यापुढे तीन अँप्लिफायर मांडले. पहिला चांगला मोठा, पण विजेवर चालणारा आणि उचलताना माझा खांदा निघाला. पणजीचा पूल पडलेला, परतताना फेरीबोटीतून चढउतार करायची, पुढे बस आणि मग गावापर्यंत चालत. तो बाद. दुसरा साबणाच्या डबीएवढा, कमरेला अडकवायचा. त्याच्यातून युकुलेले पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे वाजले. तिसऱ्याला वर मूठ होती, वजन नारळाच्या पिशवीइतके आणि आत बॅटरीचे सहा मोठे सेल. तसे सेल आमच्या गावच्या पोसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानात, साबणाशेजारी मिळायचे. मी मामाला रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीपाशी उभे केले, सगळ्यात जाड तार आधी छेडली, मग चारी. मामाने तिथून ऐकू येतेय अशी मान हलवली. दुकानदाराकडून मी लाकडाला चिकटवायची एक चकतीही मागून घेतली, ती सूर थेट अँप्लिफायरच्या पेटीत नेते, म्हणजे पुढे माईक नको. पेटीला आणखी एक भोक होते, माईक लावायला. त्याचे मला काही काम नव्हते.

बांधता बांधता त्याने विचारले, "चकतीच का हवी?" मी सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, "ताई, असलं बारीक आवाजाचं वाद्य ऐकू यावं म्हणून माईक चढवला आणि कर्णा जवळ असला, की शिट्टी येणारच. मग आवाज उतरवायचाच. त्यात त्याची चूक नाही."

हे मला नको होते. नऊ महिने जपलेला राग एका पान चघळणाऱ्या दुकानदाराच्या शब्दावर टाकून देऊ? उतरवला असेल शिट्टीसाठी, पण डास कशाला म्हणायचे? राग मी तसाच फेरीतून घरी नेला.

श्रावण आला. आमच्या पारीला अर्धा तास झाला आणि गावची वीज गेली. कर्णे गप्प, माईक गप्प. माझी पेटी तेवढी बोलत राहिली. युकुलेले देवळाच्या पायरीपर्यंत खणखणीत ऐकू येत होते. निजलेले पुरुष उठून सभामंडपात आले. माईकवाला आपल्या मुक्या यंत्राशेजारी उभा, तोंड एवढेसे झालेले. मला इतका आनंद झाला की अभंगाचे शब्द चुकले.

चारला त्याच्या वाड्याची पार. खंड पडू द्यायचा नाही, म्हणून तो गातगातच पुढे आला, आपल्या माईकची वायर सोडवली आणि माझ्या पेटीकडे हात केला. गाणे सोडून बोलता येत नव्हते, त्यामुळे नजरेनेच विनंती. नाही म्हणायला मला वेळच मिळाला नाही. त्या रिकाम्या भोकात त्याने पिन खोचली.

पण बटण माझ्या हाताशी होते. त्याने वरची तान घेतली, सगळे माना डोलवू लागले, आणि मी बटण मागे फिरवले. थोडे नव्हे, शेवटपर्यंत. माईकमधला त्याचा आवाज बंद झाला. तो अडखळला नाही. माईक खाली ठेवला, नुसत्या गळ्यावर गायला आणि पायरीवरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला. मी बटणावर हात ठेवून बसून राहिले.

पार संपल्यावर तो माझ्याकडे आला. मी उत्तर तयार ठेवले होते, चांगले झणझणीत.

"पेटी लागीं आसली, शिट्टी मारतली म्हूण आवाज उणो केलो न्हय?" तो म्हणाला. "हांव तेंच करतां. तुका कान आसा, बाये."

सगळ्यांसमोर म्हणाला, वहिनीच्या देखत. शिट्टी नको म्हणून मी आवाज कमी केला असे त्याला वाटले, आणि मी मान डोलावली. तयार ठेवलेले उत्तर तसेच गिळले आणि सेल काढून पिशवीत भरू लागले. डास म्हटलेले मी त्याला पुढे कधीतरी माफ केले. ही शाबासकी मात्र अजून माफ केलेली नाही.