मिलिंदचा पुलअप

लष्कराच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्याच आठवड्यात माझी अब्रू गेली ती चुंबळीपायी. सकाळी सहाची पीटी. वाळूचं पोतं घेऊन मैदानाला फेरी मारायची होती. मी टॉवेल गुंडाळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि वर पोतं. मी शिरूर कासारचा. आई-बापाबरोबर उसाच्या मोळ्या अशाच वाहिलेल्या. ओझं न्यायची दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती.

आमचे उस्ताद हवालदार ओरडले, "बाजार जा रहा है क्या? कंधे पे ले!"

अख्खी प्लाटून हसली. धारूरचा मिलिंद तेवढा जवळ येऊन म्हणाला, "हसू दे बे. मान लई पक्की हाय तुझी. हात कच्चे हायत."

खरं होतं. रस्सीवर मी दुधी भोपळ्यासारखा लोंबायचो. जन्मभर ओझं वाहिलेलं, स्वतःला वर ओढायची वेळ कधी आलीच नव्हती. टेस्टला आठ आठवडे होते. नापास झालो तर घरी. आणि घरी होता दुष्काळ. ऊस उभ्यानं वाळला, सहकारी कारखान्यानं महिन्यात गाळप बंद केलं आणि आई-बाप ऊसतोडीच्या टोळीसकट परत आलेले. माझ्या नोकरीवरच चूल पेटायची होती.

रोज १७०० वाजता मिलिंद मला पुलअपच्या बीमखाली उभा करायचा. पहिला आठवडा नुसतं लटकायचं. मग वरून सावकाश खाली यायचं. तिसऱ्या आठवड्यात एक पुलअप निघाला. आयला, काय आनंद झाला होता! पुढं दर दोन-तीन दिवसांनी एक वाढवायचा. तळहात सोलून निघाले. "उद्या करू," म्हटलं की तो म्हणायचा, "उद्या कारखाना चालू व्हनार हाय का बे?"

शेवटचा निघेना की तो माझ्या पायाखाली हात लावायचा. "ह्यो माझा. मोजू नगंस."

मी पास झालो. रस्सीच्या टोकापर्यंत चढलो. उस्ताद म्हणाले, "चुंबळ किधर है?" आणि पहिल्यांदाच हसले.

चार वर्षांनी आम्ही दोघं सरहद्दीवर, बर्फातल्या एकाच पोस्टवर होतो. १३४० वाजता आम्ही पाच जण पेट्रोलिंगवरून परतताना बर्फाची कड तुटली आणि मिलिंद खोल नाल्यात गेला. खडकाला रस्सी बांधून मी खाली उतरलो. तो बोलत होता, पण छाती दबली होती. त्याला बांधला, वरच्या तिघांनी ओढून घेतला.

वर एकानं रेडिओ उचलला. "एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

पलीकडून उत्तर आलं, "वेट. आउट." म्हणजे थांबा.

रस्सी परत खाली आली. वर दोघं मिलिंदला धरून, एक रेडिओवर. मला ओढायला कुणी नव्हतं. मी चढलो. काठ हातभर राहिला आणि हात संपले. आता सुटणारच, तेवढ्यात वरून बारीक आवाज आला.

"ह्यो माझा. मोजू नगंस."

मी वर आलो. मिलिंद १४५० ला गेला. हेलिकॉप्टर १५१० ला आलं. मी सगळ्यांसमोर रडलो, लाज वाटली नाही. त्यानं घडवलेल्या हातांनी मला वाचवलं, त्याला नाही. हे मला अजून पचत नाही.

आता गावी दाराशी कडुलिंबाच्या झाडाला पाईप बांधलाय. या वयातही रोज सात पुलअप निघतात. नंतर आणखी एक काढतो. तो मी मोजत नाही.