अक्कांच्या कॉम्प्युटरचे रविवार

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्या पोटात गोष्ट राहते, त्यामुळे भीती ती नव्हती. मग का नाही सांगितलं? ऐकणारा आधी हसेल, असं वाटायचं. हसण्यासारखं आहेही. पण सगळंच नाही.

नवी विंडोज ९५ आली त्या सुमारास मी साताऱ्याहून बंगळूरला आलो. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी. ऑफिसात इंग्रजी नाहीतर हिंदी, खोलीवरचे सोबती तमिळ. मराठी बोलायची ती फक्त फोनवर, आईशी. एका रविवारी राजाजीनगरच्या एसटीडी बूथमधून तसाच बोलून बाहेर पडलो, तर रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "आमच्यातलाच की रे तू!" या शांताक्का. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, मराठी मात्र घरात टिकवलेली.

मी कॉम्प्युटरवाला आहे हे कळताच त्या मला घरीच घेऊन गेल्या. भावाच्या ऑफिसने मोडीत काढलेला एक जुना कॉम्प्युटर त्यांनी आणला होता. घरबसल्या लग्नपत्रिका करून द्यायच्या, कानडी आणि मराठी. मुलं मोठी झाली, आता स्वतःचं काहीतरी हवं होतं. गल्लीभर सांगूनही झालं होतं. फक्त विंडोज चढत नव्हती. अर्ध्यात येऊन अडायची.

त्या दुपारी माझ्या हातूनही अडली. "स्वल्प थांब रे तम्मा, चित्रान्न खाऊन जा. पुढच्या आइतवारी बघू," म्हणत अक्कांनी या नव्या तम्मापुढे, म्हणजे धाकट्या भावापुढे, लिंबूभाताचं ताट ठेवलं.

पुढच्या रविवारी फ्लॉप्या बदलून पाहिल्या. त्याच्या पुढच्या रविवारी मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून लावल्या. अक्का शेजारी स्टूल घेऊन बसायच्या, मी काय करतो ते टक लावून बघायच्या आणि बोलत राहायच्या. मराठीत. आपल्या भाषेची भूक लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? – राहू दे. ती सबब वाटेल.

सांगूनच टाकतो. कुठे अडतंय ते मला पहिल्याच दुपारी कळलं होतं. त्या जुन्या कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगमध्ये व्हायरसविरुद्ध एक पहारा होता, आणि तो नव्या विंडोजलाही चोर समजून अडवत होता. तेवढा बंद केला की झालं. मी तो पाहिला – आणि चालूच ठेवला. काम संपलं तर मला परत बोलावणार कोण?

मग शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं. अक्कांची पहिली ऑर्डर. मी "पुढच्या रविवारी नक्की" म्हणत राहिलो आणि पत्रिका दुसऱ्याच प्रेसमध्ये गेल्या. अक्कांचा चेहरा उतरला होता. "सरी, असू दे. तू तरी काय करशील?" म्हणत त्यांनी मला वाढलं. आणि मी जेवलो. पोटभर जेवलो.

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, बोलावणं आलं. अक्कांनी शिलाई मशीनशेजारी तो बंद कॉम्प्युटरही स्वच्छ पुसून मांडला होता. काचेवर हळदीकुंकू, वर झेंडूचा हार. मीच आजारी ठेवलेल्या त्या यंत्रापुढे त्या डोळे मिटून हात जोडून उभ्या होत्या. मला माझी लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नसतो. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळीच गेलो आणि आत्ताच सापडल्यासारखं दाखवून अक्कांसमोर पहारा बंद केला. जेवणाच्या आत विंडोज चढली. अक्कांनी माझ्या हातावर साखर ठेवली. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

अक्का मात्र थांबल्या नाहीत. माझी ती सगळी खोटी खटपट बघून बघून त्या खरंच शिकल्या होत्या. आधी पत्रिका, मग गल्लीतल्या लोकांचे अडलेले कॉम्प्युटर, आणि दोन वर्षांत पुढच्या खोलीत मुलींचा वर्ग. मी अजून रविवारी जातो. पहारा बंद करायला त्या पहिल्याच तासाला शिकवतात. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "या तम्माला हे सापडायला किती आइतवार लागले, पण कधी चिडला नाही बघा!"

मुली माझ्याकडे आदराने बघतात. मी हसून तो आदर घेतो.

वर्ग छान चाललाय. तो अक्कांनी उभा केला. मी त्यांना फक्त उशीर केला.