आप्पा तिरडीवरून उठतात

आमच्या निमोण्याच्या संपतआप्पांनी जन्मात दारूला हात लावला नाही, पण रांजणगावच्या कंपनी बसमध्ये त्यांना सगळे ‘बेवडा’ म्हणूनच ओळखायचे. याला कारण मी. कंपनीत शिफ्ट करतो आणि सुट्टीच्या दिवशी गावातल्याच लोकांना घेऊन मोबाईलवर विनोदी फिल्म काढतो; त्या बसमधली पोरं जाता-येता बघतात. विनोदी फिल्मला बेवडा लागतोच. बायकोला भिणारा नवराही लागतो, आणि लुगड्यातला बाप्या असला तर सोन्याहून पिवळं. शहाणी माणसं नाकं मुरडतात, तेच ते काय दाखवता म्हणतात. दाखवतो, कारण माणूस ओळखीच्या गोष्टीलाच पोट धरून हसतो. हा आता चिखलात पडणार हे त्याला कळलेलं असतं आणि तो त्या पडण्याची वाट बघत बसतो.

आप्पा कांद्याचं पाणी अर्ध्यावर सोडून शूटिंगला यायचे. पड म्हटलं की पडायचे. एकदा खरोखरच गुडघा फोडून घेतला. त्यांच्या बायको सोजराबाई, म्हणजे आमच्या काकू, यातल्या एकाही फिल्मला हसल्या नाहीत. म्हाताऱ्याला चळ लागलाय म्हणायच्या आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवून आम्हा सगळ्यांना पुरतील एवढ्या भाकरी थापायच्या.

शेवटच्या फिल्ममध्ये आप्पांनी मेल्याचं सोंग घेतलं होतं. हाही जुनाच प्रकार. आपल्यामागं कोण रडतंय ते बघायला माणूस मरतो, लोक तिरडी बांधतात आणि ऐन उचलायच्या वेळी तो उठून बसतो. शूटिंग संपलं आणि त्याच महिन्यात आप्पा वाफ्यात छातीत कळ येऊन खरोखर गेले. सोंग घेतलं म्हणून खरं झालं, असं गावात बोललं जाऊ लागलं. बोलणारे तेच, जे शूटिंगमध्ये तिरडीला खांदा द्यायला भांडत होते. मला राग आला, पण धास्तीही वाटली. फिल्म मी कुणाला दाखवलीच नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा काकूंनी मला बोलावून घेतलं. कीर्तनाच्या आधी ती फिल्म लावायची म्हणाल्या. त्यांचा मुलगा पृथ्वीराज दौंडला नोकरीला असतो; तो भडकलाच. बापाच्या वर्षश्राद्धाला बापाचीच तिरडी दाखवायची, लोक तोंडात शेण घालतील, असं बरंच बोलला. काकूंनी त्याला बोलू दिलं.

“त्यांनी केल्यालं काम हाय,” मग त्या म्हणाल्या. “लोकांनी बघितलं पायजे.”

आप्पांच्या फोटोला हार घालून झाला. देवळाच्या मंडपाला ताडपत्र्या लावून आम्ही अंधार केला, पडदा बांधला. गाव आलं आणि अशा दिवशी बसतात तसं बसलं. पुरुष एकीकडे, बाया एकीकडे, माना खाली. आमच्याकडे दुखवट्याच्या घरी कुणी दात दाखवत नाही. तिथं घरच्या बाईसमोर हसायचं कुणी आणि कसं, हे ना मला आधी सुचलं होतं ना काकूंना.

बेवडा झोकांड्या खात आला. मंडप गप्प. चिखलात पडला, तरी गप्प. जत्रेत ज्या जागांवर शिट्ट्या पडल्या असत्या, तिथं नुसता पंख्याचा आवाज येत होता. लोक पडद्याकडे कमी आणि काकूंकडे जास्त बघत होते. हसं मिळालं नाही की विनोद किती केविलवाणा दिसतो, ते मी त्या दिवशी बघितलं. आप्पा पडद्यावर जीव तोडून करत होते आणि त्यांचं सगळं वाया चाललं होतं. मला बघवेना. प्रोजेक्टर बंद करायला मी उठलो.

तेवढ्यात आप्पांनी तिरडीवरून मान उचलली आणि रडणाऱ्या बाईला विचारलं, “च्या ठिवला का गं?”

काकू हसल्या. मोठ्यांदा, तोंडाला पदर न लावता. तो आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे कोण हसलं तेच आधी कळेना. मग बायांमध्ये कुणाला तरी आवरेना, मागून पुरुषांकडून ठसका आल्यासारखं झालं आणि सगळा मंडपच फुटला. फिल्म संपल्यावर लोकांनी मला ती पहिल्यापासून पुन्हा लावायला लावली. या खेपेला आप्पा चिखलात पडायच्या आधीच हशा सुरू झाला. कीर्तनकारबुवा बाजूला बसून डोळे पुसत होते.

जेवणाच्या पंगतीत पृथ्वीराजचं तोंड उतरलेलंच होतं. काकू त्याच्या ताटात आमटी वाढायला वाकल्या, तेव्हा तो हळूच म्हणाला, “आई, तुला हसू तरी कसं आलं?”

“मला कुठलं हसू येतंय,” काकू म्हणाल्या. “कुणीच हसंना, बाबा. समद्या गावासमोर तुझं आप्पा एकटं पडलं हुतं.”