गुरूच्या चंद्राचा आवाज

आमच्या चिंताकी गावात कुणाची विहिरीवरची मोटार जळाली की ती आमच्याच ओट्यावर येते. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी, जुनी तार काढतात, नवी गुंडाळतात, मोटार फिरवून दाखवतात. शिवराज वाइंडिंगवाले म्हटलं की औरादपर्यंत लोक वळखतात. एवढ्यावर थांबले असते तर माझं डोकं शांत राहिलं असतं. पण न्हाई! ह्यांना गुरूचा आवाज ऐकायचाय. गुरू म्हणजे मठातले न्हाईत, आभाळातला ग्रह.

"दीपमाला, त्याचा एक चंद्र हाय, आयो नावाचा," जेवताना सांगायलेत. "सगळा ज्वालामुखींनी भरलेला. गंधकाचा धूर ओकतो. त्या धुरात वीज भरती, त्याला प्लाझ्मा म्हणतात. गुरूचं लोहचुंबक त्याला धरून आपल्यासंगं गरागरा फिरवतं."

"मंग फिरवू द्या की. भाकर निवायली."

"ऐक तर! चंद्र चालतो सावकाश, गुरू फिरतो लई जोरात. तो विजेचा धूर मागून येऊन चंद्राला घासून पुढं जातो, तवा करंट तयार होतो. जनरेटरमधी होतो तसाच. तो करंट पार गुरूच्या टोकाला जातो, अन् तिथनं रेडिओत आवाज येतो. दर्यासारखा."

ह्यांनी दर्या कवा बघितला, देव जाणे!

ह्या दर्यापायी माझ्या अंगणात दोन बांबू, त्यावर तांब्याची तार, अन् आतल्या खोलीत जुना रेडिओ. पोरीचा फ्रॉक वाळत घालायला जागा न्हाई. दोन साल झाले, कानाला हेडफोन लावून बसायलेत, अन् ऐकू काय येतं? टक, टक, टक.

ही टकटक झटका मशीनची. रानडुकरं हरभरा ठेवत न्हाईत, म्हणून लोकांनी रानाभोवती तार वढून मशीन बसवली. तारेत झटका गेला की रेडिओत टक होतं. अन् सगळ्या शिवारात ह्या मशिनी बसवल्या कुणी? आमच्याच मालकांनी! आता बसा बोंबलत.

अवंदा मी तोंडावर सांगितलं, "संक्रांतीपर्यंत तुमचा चंद्र बोलला तर ठीक. न्हाईतर बांबू उपटून टाकीन."

"बरं," म्हणले. तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, पण बोलले ते बोलले.

मंग चंद्र कवा बरोबर जागी येतो ते बघून ह्यांनी एक संध्याकाळ ठरवली, अन् हात जोडत रानोरान फिरले. "आजची संध्याकाळ मशीन बंद ठेवा." शेजारचा लिंगराजअण्णा म्हणाला, "कामून? गुरू माझा हरभरा भरून देणार व्हय?" पण उद्या मोटार जळाली तर जायचं कुणाकडं? हसत हसत सगळ्यांनी व्हय म्हटलं.

दिवेलागण झाली. हे रेडिओपशी, मी चुलीपशी. जरा वेळानं बाहेर आले ते दातओठ खात. "एक टक अजून हाय. जवळचीच हाय."

माळवदावर चढून बघितलं, तर घरामागच्या आमच्याच रानात मशीनचा लाल दिवा लुकलुकायलाय. जवळ आमच्या आत्याबाई, ह्यांची माय, कमलबाई, काठी घेऊन बसल्यात.

"माय, बंद कर ती!"

"मागल्या साली डुकरांनी आपलाच हरभरा नांगरला, इसरलास? तुझा गुरू गेला उडत!"

फोन चार्जिंगला सोडून हे बॅटरी घेऊन पळाले. मशीन बंद केली अन् डुकरं जणू वाटच बघत होती. मायलेकांचा "हैक! हैक!" असा आरडाओरडा घरापर्यंत यायलाय. रेडिओ बंद करावा म्हणून मी आत गेले. सहज हेडफोन कानाला लावला.

टकटक गेली होती. नुसतं सूंऽऽ. अन् मंग... अगं माय! कुणीतरी सुपात ज्वारी पाखडायलंय असं. मोठं व्हायचं, हळू व्हायचं, परत मोठं. अंगावर काटा आला. एवढ्या लांबचं, माझ्या कानात!

"अहो! या की!" मी दारातनं बोंबलले. डुकरांच्या गलक्यात कोण ऐकतंय? फोनमधी भरून घ्यावं, हे डोक्यातच आलं न्हाई.

हे आले तवा पायात काटे, तोंडाला फेस. हेडफोन लावला. सूंऽऽ. माझ्याकडं बघितलं.

"आला होता?"

"व्हय."

बॅटरी भिंतीवर आपटली. "दोन साल मी बसलो, अन् ऐकलास तू! डुकरं हाकायला मी!" त्यांचं काय चुकलं होतं? आत्याबाई दारात आल्या, काठी भिंतीला टेकवली.

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी हे आपणहून बांबू उपटायला गेले. "बोलीप्रमाणं," म्हणले. "माझ्याशी कुठं बोलला?"

"हात लावून तर बघा!" मीच आडवी झाले.

बांबू अजून उभेच हायत. कपडे कुंपणावर वाळायलेत, मी रोज चिडायले. अन् सांजच्याला हे म्हणतात, "परत सांग ना, कसा होता." मी सूप घेते, पसाभर ज्वारी घेते, पाखडते. हे डोळे मिटून ऐकतात.

"असाच होता?"

"असाच. पण लई लांबनं."