एकवीस गुण लागत होते

नात पांढुर्ण्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रसायनशास्त्राचा पेपर देऊन ती सौंसरला परतली आणि चपला न काढता ओसरीवर बसली. मी हयातभर शाळेत गणित शिकवले. पेपर देऊन आलेल्या मुलांचे चेहरे मला वाचता येतात. तिचा चेहरा मला आवडला नाही.

"दोन मोठे प्रश्न राहून गेले, आबाजी."

मी प्रश्नपत्रिका मागितली. काय काय लिहिले ते जसेच्या तसे सांगायला लावले आणि पेन्सिलीने गुण देत गेलो. साठपैकी वीस झाले.

पुढची गोष्ट तिला ठाऊक होती आणि मलाही. या पेपरात ती अडकली तर बी.एड.चा प्रवेश हुकतो. वर्षभर घरी बसलेल्या पदवीच्या मुलीला स्थळे येऊ लागतात, आणि एकदा येऊ लागली की ती थांबवणे कोणाच्या हाती राहत नाही.

संध्याकाळी मुलगा मोहगावकडच्या बगिच्यातून आला. आमच्याकडे संत्र्याचा बगिचा उभाच, फळे झाडावर असतानाच, विकला जातो. व्यापारी येण्याआधी मालक तीन झाडे धरतो, एक भरलेले, एक मध्यम, एक उणे. त्यांची सरासरी काढून झाडांच्या संख्येने गुणले की मालाचा अंदाज निघतो. मुलाने लेकीचे गुणही तसेच धरले. गृहपाठात नव्वद टक्के, चाचण्यांत ऐंशी, लेखीत तेहतीस. बेरीज केली, तिनाने भागले.

"सदुसष्टच्या वर! फर्स्ट क्लास येऊन राहिला पोरीचा, आन् थोबाड पाहा, जसा बहार गळून राहिला."

"बाबा, तसं नसते," ती म्हणाली. "लेखीचं वजन साठ आहे. चाचण्यांचं तीस. गृहपाठाचं फक्त दहा."

"मंग?"

"दहा झाडांतली सहा उणी असली, तर तुझी सरासरी चालेल का?" मी विचारले.

 मी पाटीवर मांडून दाखवले. गृहपाठाचे नऊ, चाचण्यांचे चोवीस, लेखीचे वीस. एकूण त्रेपन्न.

"त्रेपन्न बी पुरते. बी.एड.ले पन्नासच लागते ना?"

"लेखीत वेगळं पास व्हा लागते, बाबा. साठातले एकवीस."

 सून स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली होती. ती तिथेच उभी राहिली.

"तुम्ही लय कडक तपासता, आबाजी," नात म्हणाली. "कुठं अर्धा-अर्धा वाढून निघन का?"

"निघणार नाही."

तसे म्हणालो खरा, परंतु खोलीत जाऊन पुन्हा तपासले. ज्या उत्तराला तीन दिले होते, त्याला साडेतीन द्यावेत म्हणून मी कारण शोधत होतो. ते सापडले नाही. पुन्हा वीसच आले. असे कारण शोधत मी आजवर एकही पेपर तपासला नव्हता.

निकालाला विलंब होत गेला. मुलगा शनिवारी जामसांवलीला हनुमंताच्या दर्शनाला जाऊन आला. मी गेलो नाही. विचार मात्र आला होता. एके दिवशी तिगावहून सुनेच्या भावाचा फोन आला. नातीसाठी स्थळ आहे, मुलगा रेल्वेत आहे, घर चांगले आहे, हुंडा मागत नाहीत. माझा मुलगा म्हणाला, "निकाल लागू द्या, मंग पाहू." नात समोर भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. त्या दिवसापासून तिचा फोन वाजला की माझे जेवण थांबे. हे घरात कोणाला कळू नये म्हणून मी पाणी पिण्याचे निमित्त करीत असे.

निकाल लागला तेव्हा सारे घरी होतो. नातीच्या फोनवर निकालाचे पान बराच वेळ उघडेना. उघडले तेव्हा तिने एकेक विषय वाचायला सुरुवात केली. बाकीचे विषय नीट होते.

"रसायनशास्त्र. लेखी, वीस."

माझा हिशोब चुकला नव्हता. चुकावा, एवढीच माझी इच्छा होती. मी खुर्चीचा हात धरला. सुनेने डोळ्यांना पदर लावला.

"आबाजी, विसाच्या पुढं ही फुली कशाची आहे?"

मी फोन हातात घेतला. चष्मा नीट केला. फुलीचा अर्थ पानाच्या तळाशी लिहिलेला होता, पण तो मला वाचावा लागला नाही. कृपांक, म्हणजे ग्रेसचा गुण, एक. उत्तीर्ण.

कृपांकाला मी शिक्षकांच्या सभेत उभे राहून भीक म्हटले आहे. एकदा नव्हे, अनेकदा. त्यावरून सहकाऱ्यांशी बोलणे तोडले आहे.

"फुली म्हणजे खराब असते का, बाबा?" मुलाने घाबरून विचारले.

"पास आहे," मी म्हणालो. "तिगावला फोन करून नाही म्हणून सांग. आजच सांग."

तो फोन लावायला अंगणात गेला. नात माझ्याकडे पाहत होती. मी काही बोलेन अशी तिची अपेक्षा असावी. मी तिला बी.एड.चा अर्ज आजच भरायला सांगितले.